पेढा पर्समध्येच राहिला

२ मे २०११. सकाळी टीव्ही लावला आणि चहा ओट्यावरच गार झाला. ओसामा बिन लादेन ठार! अबोटाबादला, पाकिस्तानच्या लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर. अमेरिकन कमांडो रात्री हेलिकॉप्टरने उतरले आणि चाळीसेक मिनिटांत काम उरकून निघूनही गेले. व्हाइट हाउससमोर पोरं झेंडे नाचवत होती. दुपारी ऑफिसात पेढे वाटले. मीही घेतला. अमेरिकेतल्या ९/११च्या हल्ल्यात जवळपास ३००० माणसं मारणारा संपला, त्याचं मला तसूभरही वाईट वाटलेलं नाही. पण पेढा काही तोंडात जाईना, कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी रिक्षा पुण्याच्या कोरेगाव पार्कातून आली. जर्मन बेकरी तेव्हा अजून बंदच होती. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवारची संध्याकाळ. तिथे बॉम्ब फुटला, १७ जणं गेली, बरीचशी विशी-पंचविशीतली. तो स्फोट ओसामाने घडवला नव्हता, ठाऊक आहे मला. तरी तिथून जाताना नेहमीसारखं पोटात तुटलंच.

रिक्षावाले काका आरशात बघत म्हणाले, "त्यांनी धा वर्सं पाठ सोडली नाही बगा, ताई. आपल्या इथल्या पोरांचं कोण बगनार?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर बघितलं, पेढ्याचं तूप कागदाला सुटलं होतं.