पूर ओसरला की आधी विहीर बघा

पावसाळ्यात वाडीत एकाच दिवशी दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले, तर पहिला प्रश्न एकच: ही घरं पाणी कुठल्या विहिरीवर भरतात? आशाताईंना लगेच कळवा, कोणाला कधी सुरू झालं ते वेळेसकट लिहून ठेवा, आणि त्याच तासाला विहिरीकडे वळा. रुग्णाला सलाईन मिळालं आणि विहीर तशीच राहिली, तर उद्या शेजारचं घर आजारी पडणार.

कोकणातल्या विहिरींना हा धोका जास्त आहे. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या भेगांतून पाणी न गाळताच पुढे सरकतं. वरच्या अंगाला शोषखड्डा किंवा गोठा असेल, तर आषाढात तिथली घाण झऱ्याबरोबर विहिरीत उतरते. पऱ्या, म्हणजे ओढा, फुगून पाणी कठड्यावरून आत गेलं असेल, तर विचारच करायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीनं चिपळूण बुडवलं, तसा पूर आला की काठावरची एकही विहीर तपासल्याशिवाय पिण्याची धरू नये.

विहिरीतले जंतू मारायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीत मिळते, पण ती अंदाजानं मूठभर टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी पाणी मोजा. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली घ्या, टेपनं विहिरीचा आतला व्यास घ्या, दोन्ही मीटरमध्ये. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, म्हणजे लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर झालं. रोजच्या शुद्धीकरणाला १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. पुराचं पाणी शिरलं असेल तर दुप्पट, १४० ग्रॅमपासून सुरुवात करा. हीच विहीर मे महिन्यात दीड मीटरवर असते तेव्हा २६ ग्रॅम पुरतात आणि जुलैत पाच मीटर भरली की ८८ लागतात. बारा महिने एकच माप चालवणाऱ्या वाड्यांत नेमकी पावसाळ्यात पावडर कमी पडते. वाण्याकडच्या काट्यावर एकदा वजन करून घ्या आणि प्लास्टिकच्या डब्यावर तेवढ्या उंचीवर खूण करून ठेवा.

पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, ती बादली दोरीनं पाण्याच्या आत सोडून खालीवर जोरात हलवा, म्हणजे तळापर्यंत मिसळेल. खालचा चुना विहिरीत नको, त्यानं पाणी जड होतं. नाकातोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. टीसीएल आणि संडास धुण्याचं ॲसिड एका बादलीत कधीही येता कामा नये, विषारी वायू सुटतो.

हे काम रात्री शेवटची कळशी भरून झाल्यावर केलं तर उत्तम. निदान एक तास कोणी पाणी भरायचं नाही. मग जलसुरक्षकाला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणाऱ्या माणसाला, बोलावून ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते कळतं: नळीतल्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, आणि तो लगेच वाचायचा. क्लोरीनचं हवं ते प्रमाण लिटरला ०.५ मिलिग्रॅम. रंग आलाच नाही, तर गढूळ पाण्यानं सगळं क्लोरीन खाल्लं किंवा पावडरच मेलेली आहे. कोकणातल्या दमट हवेत हे दुसरं कारण फार आढळतं. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, २० टक्क्यांच्या खाली गेली की ती निकामी. कार्यालयाच्या कोपऱ्यात तोंड उघडी पडलेली गोणी, गठ्ठे झालेली, वास गेलेली, तिच्यावर विसंबू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, जमिनीपासून उंच, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवली तरच ती टिकते. साथ चालू असेतो पावडर रोज आणि तपासणी सकाळ-संध्याकाळ, कारण झऱ्याच्या विहिरीत नवं पाणी सारखं येत राहतं.

जमीन पाण्यानं भरलेली असताना विहीर झपाट्यानं उपसू नका, बाहेरच्या दाबानं कडेचं बांधकाम ढासळू शकतं. पाणी उतरेपर्यंत पिण्यासाठी उकळलेलंच वापरा. आणि इंजिनचा पंप विहिरीत उतरवून माणूस खाली पाठवणं तर मुळीच नको, धुराच्या वायूनं तो आतच बेशुद्ध पडतो.

‘चहाला वास येतो’ म्हणून म्हाताऱ्या काकू बिनऔषधाच्या विहिरीवरून पाणी आणतात. त्यांच्याशी वाद घालू नका. पाणी फडक्यानं झाकून काही तास ठेवलं की वास कमी होतो, हे करून दाखवा.

मुलगा-सून मुंबईला आणि घरात एकटे आजोबा, अशी घरं प्रत्येक वाडीत आहेत. साथीत त्यांच्या दारात दिवसातून दोनदा जा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, पेल्यात अर्धं टाकून चालत नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेली पातळ पेज चांगली. नारळपाण्यात मीठ फार कमी असतं, त्यावर भागवू नका, आणि गोड कोकम सरबतानं जुलाब वाढतात. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या आशाताई देतात, जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करायच्या. डोळे खोल गेले, लघवी होईना, माणूस सुस्तावला, तर १०८ ला फोन.

जुलाब ओसरल्यावर तापाकडे लक्ष ठेवा. चिखलात लावणी केलेल्या किंवा पुराचा गाळ उपसलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या ठणकणं आणि डोळे लाल अशी लक्षणं दिसली, तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो पायाच्या जखमेवाटे शिरतो. पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन शेतात काम केलंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची आठवड्याची मात्रा तिथूनच घ्यावी, गरोदर बाई आणि लहान मुलांना परस्पर देऊ नये. गाळ उपसायला गमबूट हवेतच.

गणपतीला चाकरमानी यायच्या आधी बंद घरांच्या टाक्यांचं बघा. किल्ली शेजारीच असते. जुनं पाणी सोडा, आतून टीसीएलच्या पाण्यानं घासा, धुऊन परत भरा आणि हजार लिटरला २.५ ग्रॅमची निवळी टाका. त्या आठवड्यात विहिरीवर उपसा वाढतो, तेव्हा ओटी टेस्ट रोज, आणि रंग आला नाही त्या दिवशी वाडीच्या ग्रुपवर सकाळीच कळवा.