तुम्ही विचारलेत म्हणून: मशीन अजून नौकेच्या पोटातच का?

देवगडच्या बंदरात मला वारंवार विचारले जाते, की शेजारच्या फायबरच्या होड्या मागे आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले पेट्रोलचे मशीन, लावून निघून जातात, मग तुमच्या लाकडी नौकेत अजून डिझेल मशीन, पंखा फिरवणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट, आणि सुकाणू कशासाठी? मी केवळ वडिलांच्या सवयीला चिकटलो आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. तसे नाही.

आऊटबोर्डचे गुण मी जाणतो. तिथे पंखाच वळतो, त्यामुळे होडी थोडक्या जागेत फिरते. माझे सुकाणू रिव्हर्समध्ये जवळजवळ निकामी असते. उथळ पाण्यात ते मशीन वर उचलता येते, आणि हा गुण आमच्या मशीनमध्ये नसल्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

नारळी पौर्णिमेनंतरच्या एका पहाटे, खाडीच्या मुखाशी, वाहत आलेल्या जाळ्याचा दोर आमच्या पंख्याला गुंडाळला गेला. मशीन बंद पडले आणि वारा नौकेला खडकांकडे लोटू लागला. नांगर टाकला, पण तो धरत नव्हता. पंखा तळाखाली, वरून हात पोचण्याची सोयच नाही. धाकटा भाऊ कमरेला दोरी बांधून, सुरी घेऊन पाण्यात उतरला. दर लाटेला नौकेची मागची बाजू उचलली जाई आणि त्याच्यावर आदळे. दोर सुटला तेव्हा त्याचा खांदा निखळलेला होता. त्या हाताने तो आजही जाळे ओढू शकत नाही. आऊटबोर्ड असते तर ते उचलून आम्ही नौकेतूनच दोर कापला असता. भावाने हे कधी बोलून दाखवले नाही. वहिनीने दाखवले, आणि मी निरुत्तर झालो.

तरीही मशीन बदलले नाही. भरलेली नौका उसळत्या समुद्रातून आणताना, गिअरबॉक्समुळे सावकाश फिरणारा मोठा पंखा जो जोर देतो, तो मिनिटाला ५००० ते ६००० फेरे घेणाऱ्या मशीनचा लहान पंखा देत नाही. शिवाय लाटेच्या माथ्यावर तो पाण्याबाहेर येऊन नुसताच फिरतो. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही, आणि मच्छीमारांच्या सहकारी सोसायटीमार्फत त्यावरील कराचा परतावाही मिळतो. व्होल्वो पेंटाने १९५९ साली आणलेली स्टर्नड्राइव्ह, म्हणजे मशीन आत आणि पंख्याचा पाय बाहेर, हा मधला मार्ग काहीजण सुचवतात. पण तिचा रबरी बेलोज, म्हणजे नौकेच्या फळीतले भोक झाकणारी घड्यांची नळी, फाटला की पाणी थेट आत येते.

मागची फळी आऊटबोर्डचा भार सोसणार नाही, असे तेव्हा मी भावाला ठामपणे सांगत असे. आज वाटते, फळी मजबूत करता आली असती. शाफ्टवर मी आता दोर कापणारे पाते बसवले आहे. मात्र जाड जाळे ते कापेलच, असे नाही. भाऊ आऊटबोर्डची किंमत काढून आला आहे आणि आमचे बोलणे अजून मिटलेले नाही.