तीन राज्यांचे दर आणि अर्धी टाकी

आमच्या मामाच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात तीन रकाने आहेत: महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा. आणि त्या खाली पेट्रोलचे दर. मामा चंदगड तालुक्यातला. बाजार बेळगावात, दवाखाना बेळगावात आणि पेट्रोलही शिनोळीची हद्द ओलांडून बेळगावातच, कारण महाराष्ट्रापेक्षा इकडे स्वस्त. गोव्यात त्याहून स्वस्त. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि त्यावर घराघरांत वाद होतात, पण पेट्रोल कुठे भरायचं यावर सीमाभागात सगळ्यांचं एकमत.

या वहीमुळेच आम्ही नोव्हेंबरात अर्ध्या टाकीवर जंगलात निघालो.

बेत असा होता. बेळगावहून खानापूर, रामनगर, दांडेली. तिथे मुक्काम, सकाळी कुळगीची जीप सफारी. मग गणेशगुडी, जोयडा, अणशी करत घाट उतरून कारवार, तिथून गोव्यात आणि चोर्ल्यावरून घरी. गाडी वॅगनआर, टाकी ३२ लिटरची. माणसं चार: मी, मामा, आई आणि धाकटी बहीण.

मी आदल्या रात्री कागदावर आकडे मांडले होते. दांडेलीपर्यंत शंभराच्या आसपास, कुळगीला जाणं-येणं आणि इकडेतिकडे धरून चाळीस, दांडेली ते कारवार शंभरहून थोडं जास्त, कारवार ते गोव्याची हद्द पंधरा. एकूण अडीचशे ते दोनशे साठ. टाकीत सोळा लिटर. गाडी अठराचं ॲव्हरेज देते, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. गणित बसत होतं, पण मला धाकधूक होती. मी म्हटलं, बेळगावातच तिसऱ्या रेल्वे गेटजवळ फुल्ल करूया. मामा म्हणाला, "कशाला रे? पोळ्यात भरू की. लिटरमागं सहा-सात रुपये सोडायचे व्हय?"

पोळे म्हणजे कारवारकडून गोव्यात शिरल्याबरोबरचं गाव. कारवारची माणसंसुद्धा टाकी भरायला तिथे जातात, त्यामुळे मामाच्या म्हणण्याला लोकमान्यता होती.

पिरनवाडी, देसूर मागे पडलं. रस्ता रुंद, सपाट, गाडी सत्तरवर स्थिर. निघताना मीटरवर 'अजून किती किलोमीटर जाईल' तो आकडा २३५ दाखवत होता. खानापूरला मलप्रभेच्या पुलावर आलो तेव्हा तो २४१ झाला होता! सव्वीस किलोमीटर चाललो आणि पेट्रोल वाढलं. मामाला एवढंच हवं होतं. "बघ की," तो म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.

हा आकडा फसवतो कसा ते मला नंतर उमगलं. गाडी नुकतीच जशी चालली त्याच्या सरासरीवरून ती पुढचा अंदाज बांधते. पुढे घाट आहे, चार माणसं आणि आईच्या डब्यांची पिशवी आहे, एसी लागणार आहे, हे तिला कुठलं ठाऊक? त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात पेट्रोलइतकी ऊर्जा नसते, म्हणून ॲव्हरेज थोडं खाली येतं. गंमत म्हणजे ते इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असायची शक्यता बरीच.

लोंढ्यानंतर झाडी दाट झाली आणि आकडा उतरू लागला. रामनगरात चहाला थांबलो. सुपा धरणात जुनं सुपा गाव बुडालं तेव्हा तिथल्या बऱ्याच लोकांना इथे वसवलं. हॉटेलवाला कोंकणीत बोलत होता, भिंतीवरची पाटी कन्नडमध्ये, आणि आईने मराठीत साखर कमी मागितली ती त्याला कळली. पेट्रोल इथेही घेता आलं असतं. मामा जागा होता.

सफारीबद्दल थोडक्यात. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याचं नाव काळी. परदेशातल्यासारखी आपली गाडी घेऊन आत हिंडता येत नाही, वनखात्याच्या जीपमधूनच जावं लागतं. पहाटेच्या थंडीत दोन तास कुडकुडलो. गवे दिसले, शेकरू दिसलं, काळा बिबट्या दिसला नाही. त्याच्या नावाने सगळी दांडेली चालते, पण तो दिसलेला माणूस मला अजून भेटायचाय. खरी स्वतःच्या गाडीची सफारी म्हणजे जोयडा ते कद्रा हा जंगलातून जाणारा सरकारी रस्ता. बहिणीने तिथे धनेश बघितला, मोठा, पिवळ्या चोचीचा, पंखांचा आवाज काच खाली करून ऐकण्याइतका जवळ.

पण त्याच्या आधीच दिवा लागला होता.

दांडेलीत पंपासमोरून जाताना मी गाडी हळू केली होती, हे नोंदवून ठेवतो. मीटरवर दोन दांड्या होत्या. मामा म्हणाला, "आता आलंच की गोवा." आला नव्हता, मधे सह्याद्री होता. गणेशगुडीच्या चढावर एक दांडी गेली. जोयडा सोडून कुंभारवाड्याच्या दिशेने लागलो तेव्हा एका वळणावर पेट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकला आणि विझला. सपाटीवर गायब, चढावर हजर. टाकीत पेट्रोल कमी झालं की चढ-वळणावर ते एका बाजूला जातं, तसा मीटरही हेलकावतो. तिसऱ्या चढानंतर दिवा विझला नाही. किलोमीटरच्या आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या. फोनची रेंज तर जोयड्यालाच गेली होती.

गाडीत कोणी बोलेना. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या. मनात नवा हिशेब: दिवा लागला म्हणजे चार-पाच लिटर असतील, तेराच्या ॲव्हरेजने साठेक किलोमीटर. कारवारही साधारण तेवढंच.

पुढे एका वस्तीत किराणा दुकानाच्या फळीवर पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या दिसल्या. आतलं पाणी नारिंगी होतं. लिटरला दीडशे. फोनवरून पैसे द्यायला रेंज नाही, रोखच. आईच्या बटव्यातून साडेचारशे निघाले. दुकानदाराने वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून नरसाळं केलं आणि तीन बाटल्या ओतल्या. शेवटच्या बाटलीतले चार थेंब माझ्या चपलेवर पडले, ती चप्पल अजून वास मारते.

घरच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवं आणि भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरचं, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचं. प्लॅस्टिकच्या बाटलीचं नाव १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात नाही. विक्रीची तर गोष्टच वेगळी. त्या क्षणी मला कायदा आठवला नाही, हेही नोंदवतो.

अणशीचा घाट सुरू झाला आणि मामाने तोंड उघडलं. पूर्वी तो खनिजाच्या ट्रकवर होता. "न्यूट्रल कर. उताराला फुकट जाईल." मी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. वाद झाला. जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनात गिअरमध्ये उतरतानाही पेट्रोल जात असे, त्यामुळे मामाचं त्या काळचं गणित खोटं नव्हतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर लावून ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अणशीच्या वळणांवर ब्रेक तापवणं परवडणारं नाही. आई मागून म्हणाली, "तुम्ही दोघं आधी रस्ता बघा." वळणावर एक गवा उभा होता. तो हलेपर्यंत आम्ही इंजिन बंद करून बसलो. तेवढंच पेट्रोल वाचलं.

कद्र्याला उतरलो, काळी नदीच्या कडेकडेने कारवार आलं. इथे पंप होते. आता टाकीत तीन लिटर असतील, पोळे पंधरा किलोमीटर. मामाने माझ्याकडे बघितलं नाही, मीही विचारलं नाही. सदाशिवगडाचा पूल ओलांडून सरळ माजाळी, मग पोळे.

त्यानंतर हेम्माडग्याला भीमगडच्या जंगलात दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा खानापुरातच फुल्ल केली. जंगलात शिरण्याआधीचा शेवटचा मोठा गाव तोच आपला पंप असं धरून चालतो, भले लिटरमागे काही रुपये जावोत. घाटाच्या किलोमीटरला मी आता दीडपट धरतो, आणि पाचशेची एक नोट आरसीच्या पाकिटात ठेवलेली असते.

त्या दिवशी पोळ्याच्या पंपावर रांग होती, निम्म्या गाड्या कर्नाटकच्या. खानापुरातला पोरगा "झीरो नोडी सर", म्हणजे झीरो बघा, असं कन्नडमध्ये म्हणतो, इथला तेच कोंकणीत म्हणाला. मामा खाली उतरला, झीरो बघितला, एकोणतीस लिटर आत जाईपर्यंत मशीनवरून नजर हलवली नाही. लिटरमागे साडेसहा धरले तर सगळे मिळून एकशे नव्वदच्या आत वाचले. बाटल्यांवर जादा गेले एकशे चाळीस. मामाने खिशातून वही काढली, गोव्याच्या रकान्यात त्या दिवसाचा दर लिहिला, पेन टोपणात घातलं.

"बाटलीचा दर कुठे लिहिणार?" बहिणीने विचारलं.

"ते कुठल्या राज्यात येतंय?" मामा म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.