पाणंद रस्त्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

पाणंदीचं, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटेचं, काम पैशाअभावी अडतं असं सगळे म्हणतात. खरं तर ते आधी जागेवर अडतं. गावनकाशा काढून बघा. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग, फक्त सव्वाआठ फूट. बांध सरकत सरकत त्या एकवीस फुटांचे जागेवर सात उरलेले असतात. कुणी नुकतीच वाट अडवली असेल, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करायला हवा. ही मुदत हमखास चुकते.

आता पैसा. 2021 च्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेचा मुख्य आधार मनरेगा, म्हणजे ग्रामीण रोजगार हमी, हा होता. तिथे किमान 60 टक्के खर्च मजुरीवर व्हायला हवा होता, बाकीचा साहित्य आणि कुशल कामावर. पण खडी, मुरूम, रोलर यांचा रस्ता म्हणजे साहित्यच जास्त. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात नुसता रस्ता घालून चालत नसे. फळबाग, वृक्षलागवड, शोषखड्डे अशी मजुरीची कामंही घ्यावी लागत. त्यांची मजुरी धरून एकूण खर्चात 60 टक्क्यांचं प्रमाण राखलं जाई आणि रस्त्याची खडी पेलत असे.

अंदाजपत्रकात दोन्ही बाजूंचे चर आणि ओढ्यावरची नळ्याची मोरी आहे का, हे स्वतः वाचा. पैसे वाचवायला नेमकं तेच गाळतात. मग पहिल्याच पावसात पाणी रस्त्यावरून वाहतं, मुरूम शेतात जातो आणि वर उरतात उघडे दगड.