स्लगर हातात येण्याआधी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून फोन आला, तेव्हा लिहिण्यासारखं पुष्कळ आहे असं वाटलं होतं. प्रार्थना, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन, दहावीचे जादा तास. प्रत्यक्षात लिहायला बसले आणि सगळं सरांपाशीच येऊन थांबलं. आमचे पी.टी.चे सर. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं, म्हणून नाव लिहीत नाही.

आम्ही सातवी-आठवीच्या मुली गल्लीत भावांबरोबर क्रिकेट खेळून आलेल्या. सॉफ्टबॉलचा स्लगर, म्हणजे या खेळातली गोल बॅट, हातात आला की तोही क्रिकेटच्या बॅटसारखा सरळ खाली यायचा, चेंडू अडवायला. सर म्हणायचे, "इथे मागे स्टंप नाहीत गं, वाचवायचंय काय? मार!" दुसरी सवय त्याहून चिवट. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला लागला तरी धावायचं की नाही, हे आपण ठरवतो. इथे चेंडू फेअर, म्हणजे आखलेल्या दोन रेषांच्या आत, गेला की पहिल्या बेसकडे, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या ठाण्याकडे, सुटायलाच हवं, आणि तेही स्लगर हातात न घेता. तो फेकायचा नाही, बाजूला सोडून द्यायचा. फेकला तर मागच्या कॅचरच्या अंगावर जातो. या एका गोष्टीवर सरांनी आम्हाला चेंडूशिवाय आठवडेच्या आठवडे पळवलं.

पकड शिकवली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी स्लगर तळहातात घट्ट आवळून धरायची, त्यामुळे मनगट फिरायचं नाही. सर काही न बोलता मला स्टाफरूमच्या बंद दारापाशी घेऊन गेले. म्हणाले, "वाजव." मी घाबरत घाबरत टकटक केली. आतून बाईंचा आवाज आला, "कोण आहे?" सरांनी विचारलं, "दारावर कुठली हाडं लागली?" मी बोटांचे मधले सांधे दाखवले. "दोन्ही हातांची हीच हाडं एका रेषेत आली पाहिजेत. स्लगर बोटांत धर, तळहातात नाही." तोवर बाईंनी दार उघडलं होतं. सर त्यांना म्हणाले, "काही नाही मॅडम, बॅटिंग चाललीये." त्या दिवसानंतर माझी पकड कधी बिघडली नाही. आज मी एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि नवीन मुलगी संघात आली की तिला आधी दार वाजवायला लावते.

सरांचं शिकवणं पायांपासून सुरू व्हायचं. पाय खांद्यांएवढे लांब, गुडघे थोडे वाकलेले, वजन मागच्या पायावर. पुढचा पाय वीतभर सरकवायचा, मग कंबर फिरवायची आणि हात सगळ्यात शेवटी. मुलींची ताकद दंडात शोधू नका, ती कमरेत असते, हे त्यांनी आम्हाला स्वतःच्या अंगावर पटवून दिलं. मैदान आखायची फक्की ते मागच्या पायाखाली पसरायचे. स्विंग झाला की सगळ्यांनी खाली वाकून ठसा बघायचा. टाचेचा ठसा तसाच राहिला असेल तर कंबर फिरलीच नाही. चवड्याखाली गोल फराटा उठला असेल तर सर फक्त "हां" म्हणायचे. त्या "हां"साठी आम्ही जीव टाकायचो.

टी, म्हणजे सरावासाठी चेंडू ठेवायचा उभा स्टँड, विकत आणायला पैसे नव्हते. ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यांनी लोखंडी नळी उभी केली आणि तिच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. त्यावर चेंडू ठेवून मारायचं, पुढच्या पायाच्या रेषेत, जाळीत. सुरुवातीला हनुवटी डाव्या खांद्यापाशी आणि स्विंग संपताना उजव्या. डोकं मधे हललं, तर सर तो फटका मोजायचे नाहीत. टी जमल्यावर टेनिसच्या चेंडूंवर मार्करने क, ख, ग लिहून ते बाजूला गुडघ्यावर बसत आणि हळूच वर उडवत. मारण्याआधी अक्षर ओरडायचं. कोचिंगच्या किती शिबिरांना जाऊन आले, पण चेंडूवर नजर ठेवायला शिकवण्याची याहून चांगली रीत मला कुठे मिळाली नाही.

महिलांच्या खेळात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, 43 फुटांवर असते. चांगल्या पिचरचा खालून आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर, म्हणजे मारणारीपाशी, येतो. तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, अंगाने आपलं आपण फिरावं लागतं. सरांनी आम्हाला घडवलं ते त्या अर्ध्या सेकंदासाठी.

1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला, तेव्हा सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत बातमी लिहिली होती. नंतर खेळ ऑलिंपिकमधून गेला, टोकियोत परत आला, आता 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा आहे. माझ्या शाळेच्या फळ्यावर ही बातमी मी लिहिली आहे. माझ्या मुली राज्यस्तरावर खेळल्या, एक क्रीडा आरक्षणातून नोकरीला लागली. पेढे घेऊन आली, तेव्हा मी तिला सरांच्या घरी घेऊन गेले.

वाईट वाटतं ते मैदानाचं. नव्या इमारतीने मैदानाचा मोठा भाग घेतला आणि जाळी होती तिथे आता वाहनतळ आहे. इमारत हवीच होती, मान्य. पण आठवीनंतर मुली क्लासला जातात म्हणून मैदानाची गरज कमी झाली, हे म्हणणं मला पटत नाही. मोबाइलवर होमरन बघून मुलं स्लगर खालून वर उपसतात, मग चेंडू हवेत उंच जातो आणि झेल. त्यांना टीसमोर उभं करणारं कुणीतरी हवं, आणि उभं राहायला जागा हवी.

संचालक मंडळाला माझी विनंती आहे: पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मोकळा करून तिथे जाळी लावू द्या. जाळीचा आणि हेल्मेटांचा खर्च आमची बॅच करेल. चार टी मी डब्यात सिमेंट ओतून तयार ठेवल्या आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी सर येणार आहेत, त्याआधी परवानगी मिळाली तर पहिला फटका त्यांच्यासमोर मारता येईल.