सॅक खांद्यावर नाही, कमरेवर पेलायची

आज सकाळी ठाण्यात उपवनहून येऊरच्या चढावर शिक्षणासाठी जर्मनीला निघालेली मुलं भरलेल्या सॅका घेऊन सराव करत होती. फार बरं वाटलं. पण बहुतेकांचे पट्टे खांद्यात रुतलेले. तिकडे युरोपात महिनाभर असं फिरलात तर मान धरलीच म्हणून समजा.

आधी सगळे पट्टे सैल सोडा. सॅक चढवून कमरेचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसवा आणि घट्ट आवळा. मग खांद्याचे, शेवटी छातीचा, तोही श्वास मोकळा राहील इतपतच. खांद्याच्या पट्ट्याखाली तळहात सहज सरकला की ओझं कमरेवर आलं. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये ठेवा. बाहेरच्या कप्प्यात गेल्या की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकतो. पाणी 1 लिटर म्हणजे 1 किलो, हे विसरू नका.

वरून घातलेल्या रेनकव्हरवर भिस्त नको. पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात कपडे भरा.

आणि कागदपत्रं! जर्मनीच्या निवास परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत (युरोपातले आपसांत सीमा खुल्या ठेवणारे देश) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच फिरता येतं. परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही अंगावर ठेवा, सॅकमध्ये नाही. ब्रिटन, आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाहीत. तिकडचा व्हिसा निघण्याआधीच बघा.