शून्य मीटरवर थांबलेला बैकल

उंचसखलपणा दाखवणारे नकाशे तयार करणे हे माझे काम आहे. जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, तर सरोवराची खोली त्याच्याच पाण्याच्या पातळीपासून. या दोन मोजमापांचा सांधा जुळवण्यात माझे बरेच दिवस जातात. त्या दिवशी मोठ्या सरोवरांचे तळ आकडेवारीत बसवून झाले होते आणि छपाईला मंजुरी देण्यापूर्वी मी सैबेरियातील बैकल सरोवराचा दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंतचा उभा छेद काढून पाहिला. सरोवरातील दक्षिण, मध्य आणि उत्तर या तिन्ही खोऱ्यांचे तळ एकाच पातळीवर, बरोबर शून्य मीटरवर होते. खोऱ्यांना वेगळे करणारे पाण्याखालचे उंचवटे तेवढे त्यांच्यामधून वर आलेले दिसत होते.

बैकलचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४५६ मीटर उंचीवर आहे आणि कमाल खोली १६४२ मीटर, म्हणजे सर्वांत खोल ठिकाणी तळ समुद्रसपाटीच्या जवळजवळ ११८६ मीटर खाली असायला हवा होता. हा सगळा भाग आमच्याच दुरुस्तीच्या नियमाने कापून टाकला होता. किनाऱ्यापासून दूर उणे उंची आढळल्यास ती मोजमापातील चूक समजून शून्य करावी, असा तो नियम मीच लिहिला होता. मृत समुद्र आणि कॅस्पियन यांना त्यातून वगळले होते, कारण त्यांचे पाणीच समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाण्याने झाकलेले खळगे मात्र माझ्या ध्यानातच आले नव्हते.

मग मी एकेक सरोवर तपासत गेलो. आफ्रिकेतील टांगानिका बैकलप्रमाणेच खचदरीत, म्हणजे जमीन खचून तयार झालेल्या दरीत आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीखाली सुमारे ७०० मीटरपर्यंत जातो, आणि तोही कापला गेला होता. हिमनद्यांनी कोरलेली इटलीतील गार्डा आणि कोमो सरोवरेही सुटली नव्हती. किर्गिझस्तानातील इसिक-कुल ६६८ मीटर खोल असूनही शाबूत होते, कारण त्याचे पाणीच १६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी केवळ उथळ ईरी वाचले होते.

“सर, तळ समुद्राच्या इतका खाली, तर पाणी वर कसे टिकते?” सोबत काम करणाऱ्या मुलीने विचारले. मी तिला अंगारा नदीचा उगम दाखवला. काठोकाठ भरलेल्या सरोवराचे पाणी काठाच्या सर्वांत सखल जागेवरून बाहेर पडते. बैकलची ती जागा म्हणजे अंगाराचा उगम, आणि पाण्याची नैसर्गिक पातळी तिथेच ठरते. तळ कितीही खचला, तरी कडा उंच असेपर्यंत पाणी वरच राहते. शिवाय बैकलच्या तळाखाली कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला आहे, त्यामुळे खचदरीचा मूळ खडक त्याहूनही पुष्कळ खोल आहे.

नियम बदलून छेद पुन्हा काढला, तेव्हा संध्याकाळ झाली होती. समुद्रसपाटीची रेषा आता बैकलच्या पाण्यातून आरपार जात होती आणि सर्वांत खोल ठिकाणी जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी त्या रेषेखाली होते. तो छेद मी नकाशाशेजारी छापायला दिला.